न आटलेलं जाकीट

मित्रांनो, मी पाण्याखाली फिरायला जाणाऱ्या माणसांच्या अंगावरचं एक जुनं जाकीट आहे. जुनं म्हटलं तरी वय चारच वर्षं. पण शरमेनं माणूस लवकर म्हातारा होतो, तसंच जाकिटाचंही होतं. माझी गोष्ट ऐकून तुम्ही हसाल. हसा. भिवंडीतल्या निजामपुऱ्यात एक अख्खं चहाचं हॉटेल मला हसलेलं आहे, तुम्ही चार जण जास्त.

आधी माझं काम सांगतो. माझ्या पाठीत हवेची एक पिशवी आहे. हवेनं भरलेली जड टाकी माझ्या पाठीला पट्ट्यानं बांधतात. तिथून एक नळी येते, तिच्या टोकाला दोन बटणं. एक दाबलं की टाकीतली हवा माझ्या पिशवीत शिरते, दुसरं दाबलं की बाहेर पडते. हवा जास्त झाली की माणूस वर जातो, कमी झाली की खाली. बेताची असली की मासा जसा काही न करता एका जागी थांबतो, तसा माणूस पाण्यात थांबतो. एवढंच काम. ऐकायला सोपं आहे, म्हणून तर गोंधळ झाला.

आमच्यात दोन प्रकार असतात. एका प्रकारात हवा पाठीला, बगलेला, पोटाशी अशी चहूकडून भरते. ती जाकिटं पाण्याच्या वर आल्यावर माणसाला नीट उभं धरतात, मावशी जशी तान्ह्या बाळाला काखेत हात घालून उभं करते तशी. दुसरा प्रकार माझा. माझी सगळी हवा पाठीत. त्यामुळे पाण्याखाली माणूस छान आडवा राहतो, छाती-पोट मोकळं, अंगाला कुठं आवळणं नाही. पाण्याखाली माझ्यासारखा गुणी कुणी नाही, हे मी गर्वानं नाही, खरं म्हणून सांगतो. पण पाण्याच्या वर आल्यावर मला कुणी हावरटासारखं ठासून भरलं, तर मी माणसाला मागून ढकलतो, आणि त्याचं तोंड पाण्यात जातं. त्याला उपाय आहे. हवा थोडीच भरायची, अंग मागे रेलून द्यायचं, आणि थोडं वजन पाठीमागच्या खिशात ठेवायचं. हा काही रोग नाही, स्वभाव आहे. पण स्थळ आलं की स्वभाव सांगावा लागतो. मी लपवला.

मी मुंबईच्या एका दुकानात टांगलेला होतो. काळा रंग, निळी किनार, छातीवर चकाकणाऱ्या कड्या. वर्षभर कुणी विचारलं नव्हतं. शेजारची मावशी-जाकिटं एकेक करून घरी गेली आणि मी धूळ खात राहिलो. अशा वेळी एका दुपारी दोन गृहस्थ आत आले. पहिले इकबालशेठ, निजामपुऱ्यात चोवीस पॉवरलूमचे मालक. उंचीनं बेताचे, खांद्यात अरुंद, पोटानं मात्र सुखवस्तू. दुसरे त्यांचे लहानपणापासूनचे दोस्त भाऊ. राहनाळला त्यांच्या जमिनीवर गोदामं उभी आहेत आणि अंबाडीजवळ त्यांनी एक रिसॉर्ट काढलंय. भाऊंना दुकानात यायचं कारण नव्हतं, पण इकबालशेठ मोजे घ्यायला गेले तरी भाऊ सोबत असतात.

दुकानात रुचिका नावाची मुलगी होती. तिनं विचारलं, "काका, कुणासाठी?"

"माझ्यासाठी," इकबालशेठ म्हणाले.

"आधी डाइव्ह केलंय कधी?"

"नाही. मुलगी करते. मालवणला शिकली, आता दुसऱ्यांना शिकवते. तिला अंदमानला नोकरी लागलीय, समुद्रात लोकांना खाली न्यायची." मग त्यांनी कोपर काउंटरवर टेकलं. "आता मला सांग, मुलगी द्यायची तर बाप आधी घर बघायला जातो की नाही? पाणी कुठून भरतात, छप्पर गळतं का, सगळं बघतो. हिला आपण समुद्राला द्यायला निघालोय. तर समुद्र आतून बघायला नको?"

भाऊ म्हणाले, "आनि घर बघाला जाताना मानूस नवा कपडा घालतं. म्हनून आलोय आमी."

मित्रांनो, हे सगळं किती गंभीर होतं ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. मुलीचं नाव इरम. अंदमानच्या लोकांनी तिला महिनाअखेरच्या रविवारपर्यंत हो की नाही कळवायला सांगितलेलं, आणि बापाची अट होती की आधी तो स्वतः पाण्याखाली जाणार, मग बोलणार. म्हणजे त्या मुलीचं पुढचं आयुष्य इकबालशेठच्या पहिल्या डुबकीवर टांगलेलं होतं, आणि ती डुबकी माझ्यावर.

रुचिकानं आधी त्यांच्यापुढे मावशी-जाकीट धरलं. "काका, नवीन माणसाला हे बरं. वर आल्यावर सरळ उभं धरतं."

इकबालशेठनी त्यात हवा भरलेली बघितली आणि मान हलवली. "हे पुढून फुगतं. पोट अल्लाच्या कृपेनं आधीच आहे, त्यावर आणखी फुगा कशाला?"

मग त्यांची नजर माझ्यावर पडली. मी पुढून सपाट. त्यांनी मला खुंटीवरून काढलं आणि माप न बघता, पट्टे न बघता, सरळ माझं कापड चिमटीत धरून चोळलं. मग खिशातून धागे मोजायचं भिंग काढलं आणि माझ्या पाठीवर टेकवून एक डोळा मिटला.

"भाऊ, काय वीण आहे बघ. धागा हजार डेनियरचा तरी जाड असेल. आपल्या आख्ख्या गल्लीत असा माल निघत नाही."

मला कुणी असं कधी बघितलं नव्हतं. मी फुशारलो. रुचिका बिचारी सांगत होती, "काका, कापड बघून नका घेऊ, अंगात घालून बघा, हात वर करून बघा, खांद्यावरून निसटतं का बघा. आणि हे पाठीतून फुगणारं आहे, वर आल्यावर जास्त हवा भरली तर…" पण इकबालशेठ तेव्हा माझी शिलाई मोजत होते. माझ्या खिशात एक पत्रक होतं, त्यात हे सगळं चित्रांसह छापलेलं. इकबालशेठनी खिशाची चेन ओढली. आणि मी, मित्रांनो, ती चेन अडकवली. दात दातात घट्ट धरून ठेवले. मला त्या दुकानातून जायचं होतं. माझं पहिलं पाप ते.

"माप मीडियम लागेल तुम्हाला," रुचिका म्हणाली. "हे एक्सेल आहे, दोन मापं मोठं. मीडियम आठ दिवसांत मागवून देते."

"राहू दे. धुतल्यावर दोन बोटं आटेल."

रुचिकानं बिलाचं पुस्तक पुढं ओढलं. चाळीस वर्षं कापडात घालवलेल्या माणसाला कापडाबद्दल काय सांगायचं, असं तिला वाटलं असेल. आणि इकबालशेठना माहीत नव्हतं असंही नाही. पण चाळीस वर्षं सुती कापड विणलेलं. जीभ सवयीनं आधी बोलून गेली आणि माहिती मागून चालत येत राहिली. ती भिवंडीला पोचायला तीन आठवडे लागले.

घरी आल्यावर इकबालशेठनी मला आरशासमोर चढवलं. माझे खांदे त्यांच्या कोपरापर्यंत आले. त्यांच्या बेगम हमिदाबी दारात उभ्या होत्या.

"हे तुम्ही घातलंय की ह्यानं तुम्हाला घातलंय?"

"आटणार ते. गरम पाणी ठेव."

मग मला मोठ्या घमेल्यात कढत पाण्यात बुडवलं, वर धुण्याची पावडर. पत्रकाचा आतल्या आत लगदा झाला आणि अडकलेल्या चेनच्या फटीतून पांढरा पांढरा बाहेर यायला लागला. इकबालशेठ खूश झाले. "बघ, खळ निघतेय. आता आटणार." मी तसूभर आटलो नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा कढत पाणी. पुन्हा तेच. हमिदाबींनी मला पिळायचा प्रयत्न केला, मी त्यांच्या मनगटात लचक भरवली. शेवटी त्या म्हणाल्या, "आता ह्याला सुकवा कुठंतरी. न्हाणीघर अडवून बसलंय."

घरात जागा नव्हती, म्हणून मला लूमच्या शेडमध्ये खुंटीला टांगलं. ओलाच.

तुम्ही पॉवरलूमची शेड बघितली नसेल तर सांगतो. तिथं चोवीस लूम खडखडत असतात आणि हवेत कापसाचे तंतू सारखे उडत असतात. कामगारांच्या भुवया दुपारपर्यंत पांढऱ्या होतात. ओल्या वस्तूला तर ते तंतू असे चिकटतात, जसं काही माहेर सापडलं. मी तिथं तीन आठवडे होतो. लोक बघायला येत. एकानं विचारलं, "शेठ, किसी का खतरा है क्या? गोली वाला जाकीट है ना?" दुसऱ्यानं मला पाठीवर बाळ बांधायची झोळी ठरवलं. मी ऐटीत लटकत होतो. तंतू माझ्या नळीच्या बटणात शिरत होते, आणि मला वाटत होतं, मी सजतोय.

ठरलेल्या रविवारच्या आदल्या गुरुवारी इरम मालवणहून आली. सडपातळ, उन्हानं रापलेली, केस खारे झालेले. तिनं मला खुंटीवर बघितलं आणि बॅग खाली ठेवायची विसरली.

"अब्बा, हे एक्सेल आहे."

"धुतल्यावर आटतं."

"अब्बा. हे नायलॉन आहे."

जवळच्या लूमवरचे दोन कामगार मान वळवून बघायला लागले. इकबालशेठनी माझ्याकडे बघितलं, मग छताकडे. दुकानात मागे राहिलेली माहिती त्या क्षणी येऊन पोचली होती. पण कामगार ऐकत होते, म्हणून ते एवढंच म्हणाले, "पट्टे आहेत ना त्याला? आवळ."

इरमनं हळूच विचारलं, "मी कुणाकडून मापाचं आणू का? एका दिवसाचा प्रश्न आहे."

"मी घेतलंय ते घालीन."

हा पुरुषी हट्ट होता म्हणा किंवा लाज होती म्हणा. दोन्ही दिसायला सारखीच असतात.

शुक्रवारी भिवंडीत लूम बंद असतात. त्या दुपारी सगळे अंबाडीला भाऊंच्या रिसॉर्टवर गेलो. आधी पूलमध्ये सराव करायचा, मग शनिवारी मालवणला जाऊन खरा समुद्र बघायचा, असं ठरलेलं. इरमला वाटलं होतं, तिघेचौघे असतील. भाऊंनी गावकीतली वीस-पंचवीस माणसं बोलावलेली. खुर्च्या मांडल्या होत्या, भजी तळली जात होती.

"भाऊकाका, हे काय?" इरमनं विचारलं.

"काय न्हाय गो. घर बघाला एकटा कोन जातं? चार मानसं लागतात."

इरमनं मला नीट तपासलं, हे मी शपथेवर सांगतो. दोन्ही बटणं दाबून बघितली. हवा भरली, सोडली. मी शहाण्यासारखा वागलो, कारण बटणातला कापूस तेव्हा सुका होता. तिनं माझे पट्टे शेवटच्या टोकापर्यंत आवळले, तरी मी इकबालशेठच्या अंगावर शेजाऱ्याकडून मागून आणल्यासारखा लोंबत होतो. तिनं त्यांना समजावलं, "अब्बा, वर आल्यावर बटण नुसतं एकदा टिचकी मारल्यासारखं दाबायचं. जास्त नाही. हे मागून ढकलतं."

मग ते दोघे खोल बाजूला खाली गेले. नऊ फूट पाणी. आणि मित्रांनो, तिथली दहा मिनिटं माझ्या आयुष्यातली चांगली दहा मिनिटं आहेत. इरमनं बापाचा हात धरलेला. ती बोटांनी खूण करायची, ठीक आहे का, आणि ते खूण परत करायचे, आधी चुकीची, मग बरोबर. एकदा घाबरून ते वर जायला लागले तेव्हा तिनं नुसता तळहात आडवा धरला, हळू, आणि ते थांबले. आख्ख्या निजामपुऱ्यात ह्या माणसाला हातानं थांबवणारं कुणी नव्हतं. मी त्यांना आडवं धरलं होतं, आणि त्यांचा श्वास माझ्या पोटाशी संथ होत गेला.

मग ते तळाशीच सरकत उथळ बाजूला आले आणि उभे राहिले. छातीएवढं पाणी. समोर पंचवीस माणसं भजी खात बघतायत. इकबालशेठनी तोंडातली श्वासाची नळी काढली, कारण भाऊंना काहीतरी झोकात सांगायचं होतं. "भाऊ, बघितलंस का," एवढंच त्यांनी म्हटलं, आणि रुबाबात माझं बटण दाबलं. टिचकी नाही. डोअरबेल दाबतात तसं, दाबूनच धरलं.

सोडलं तेव्हा बटण वर आलंच नाही. पाण्यात भिजून आतला कापूस फुगला होता, त्यानं ते आत धरून ठेवलं. टाकीतली हवा येतच राहिली. मी फुगत गेलो, फुगत गेलो. मी एक्सेल, ते मीडियम. मी त्यांच्या खांद्यांवरून वर सरकलो, कानांवर आलो, त्यांचं डोकं आणि मी एक झालो. त्यांचे पाय तळावरून सुटले. आणि मग माझ्या स्वभावानं काम केलं. मी त्यांना मागून ढकललं आणि त्यांचं तोंड पाण्यात घातलं.

तेवढ्यावर भागलं नाही. मी फार भरलो की माझ्या मागच्या बाजूची झडप आपोआप उघडते, नाहीतर मी फुटेन. ती उघडली. तिचा आवाज, मित्रांनो, असा होता की पंगतीत कुणाचा असा आवाज निघाला असता तर त्यानं गाव सोडलं असतं. एकदा नाही, तीनदा. पालथे इकबालशेठ, वर काळा फुगा, आणि तो आवाज. खुर्च्यांतून हसू फुटलं. लोकांना वाटलं, हा कार्यक्रमाचाच भाग आहे. एक जण तर टाळ्या वाजवायला लागला.

इकबालशेठ हातपाय मारत होते. पाय नीट खाली टेकवले असते तर उभे राहिले असते. पण बुडणारा माणूस खोली मोजत नाही.

इरम मात्र हसली नाही आणि ओरडलीही नाही. तिनं एका हातानं माझी हवेची नळी उपटली, दुसऱ्यानं मागच्या झडपेची दोरी ओढून मला रिकामं केलं, आणि बापाला उताणं फिरवलं. मला फुगायला जेवढा वेळ लागला त्याच्या निम्म्यात. "अब्बा, पाय टेकवा. इथं जमीन आहे. टेकवा."

ते उभे राहिले. खोकले. टॉवेल गुंडाळून खुर्चीत बसले. मग ते इरमकडे न बघता म्हणाले, "घर बघितलं. स्थळ नाकारलं."

मालवणला जाणं रद्द झालं. परतीच्या वाटेवर मी गाडीच्या डिकीत होतो, पाणी गाळत. मी कुणाच्या तरी श्वासासाठी घडवला गेलेलो, आणि एका बापाचा श्वास कोंडला, एका मुलीचं पुढचं पाऊल अडवलं. मला फाटून जावंसं वाटत होतं. पण इकबालशेठनीच म्हटलंय, माझी वीण फार मजबूत आहे.

शनिवारी सकाळी हमिदाबी दूध आणायला गेल्या आणि गल्लीत ऐकून आल्या. त्यांनी पिशवी ओट्यावर ठेवली. "ऐकता का, लोक काय बोलतायत? पोरीनं बापालाच बुडवलं, म्हणे. आणि ही लोकांना शिकवणार."

इकबालशेठ चहात बिस्कीट बुडवत होते. ते बिस्कीट आत तुटलं. त्यांनी काढलं नाही.

इरम गच्चीवर होती. मला समोर घेऊन तिनं माझी नळी स्क्रूड्रायव्हरनं खोलली होती. रडत होती की नाही, सांगता येत नाही, तिचं तोंड माझ्यामागे होतं. बटण निघालं आणि आतून वाटाण्याएवढा एक ओला बोळा पडला. इकबालशेठ जिना चढून आले तेव्हा तो तिच्या तळहातावर होता.

"हे काय?"

"हे अडकलं होतं. माझीही चूक आहे, अब्बा. नुसतं दाबून बघितलं, खोलून बघायला पाहिजे होतं."

इकबालशेठनी तो बोळा घेतला. चिमटीत चोळला. त्यातून धाग्याचा एक तुकडा ओढून उजेडात धरला. भिंगही लागलं नाही.

"चाळीस नंबरचं सूत," ते म्हणाले. "आपलंच आहे."

ते तिच्याशेजारी कठड्यावर बसले. खाली गल्लीत लूम सुरू झाले होते. बराच वेळ त्यांनी तो तंतू बोटावर गुंडाळला आणि सोडला.

"म्हणजे समुद्रानं काही केलं नाही," ते म्हणाले.

"पूलमध्ये समुद्र नव्हताच, अब्बा."

"तेच म्हणतोय."

मग ते उठले, मला खांद्यावर टाकलं आणि जिना उतरले.

निजामपुऱ्यात कोपऱ्यावर एक चहाचं हॉटेल आहे. शनिवारी सकाळी तिथं लूमवाले, दलाल, सुताचे व्यापारी सगळे असतात, आणि त्या दिवशी भाऊही राहनाळहून येऊन बसले होते. ते उभे राहून गोष्ट सांगत होते, दोन्ही हात फैलावून, फुगा कसा झाला ते दाखवत. आवाजही काढून दाखवत होते. आम्ही दारात आलो तसा तो आवाज अर्ध्यात राहिला.

इकबालशेठनी मला टेबलावर ठेवलं, दोन कप बाजूला सारून.

"भाऊ, तुझी गोष्ट अर्धी आहे. उरलेली मी सांगतो."

"आरं, मस्करी करत व्हतो मी…"

"बस खाली. ऐक." ते सगळ्यांना दिसतील असे उभे राहिले. त्यांचे कान लाल झाले होते. "हे मी घेतलं. दुकानातली पोरगी सांगत होती, तुमच्या मापाचं नाही. मी ऐकलं नाही, कारण मला कापडातलं कळतं. पोट दिसू नये म्हणून पाठीत फुगणारं घेतलं. आणि एक्सेल घेतलं, का, तर आटेल म्हणून."

कोपऱ्यातून कुणीतरी विचारलं, "शेठ, ये तो नायलॉन है ना?"

"हां."

भाऊंनी माझ्याकडे वाकून बघितलं. "म्हंजे तू नायलॉन आटवाला गेलतास?"

"हो."

"कितीदा?"

"दोनदा. कढत पाण्यात. पावडर टाकून."

पहिला हसला तो सुताचा व्यापारी. मग सगळं हॉटेल. चहावाल्यानं किटली खाली ठेवून हसून घेतलं. चाळीस वर्षं कापडात असलेला माणूस नायलॉन उकळत बसला, हा विनोद ह्या गावात जेवढा कळतो तेवढा जगात कुठंच कळत नसेल. मी टेबलावर पडलो होतो आणि मला वाटत होतं, फरशी उघडावी. इकबालशेठ मात्र हलले नाहीत. हसू ओसरेपर्यंत उभे राहिले, बस येईपर्यंत माणूस थांबतो तसे.

"झालं हसून? मग पुढचं. आटलं नाही म्हणून हे ओलं शेडमध्ये टांगलं. बटणात आपला कापूस गेला. माझ्याच लूमचा. चाळीसचं सूत, हवं तर बघा." त्यांनी तो तंतू टेबलावर ठेवला. दोघांनी खरंच वाकून बघितला. "बटण अडकलं ते ह्याच्यामुळे. मी बुडत होतो, तुम्ही पंचवीस जण भजी खात होता. टाळ्याही वाजवल्या कुणीतरी. पोरीनं बापाला पालथ्याचा उताणा केला, एक शब्द न ओरडता. ती नसती तर तुम्ही आज इथं चहा पीत नसता, माझ्या दारात बसला असता."

भाऊंनी मान खाली घातली. टाळ्या त्यांच्याच भावकीतल्या माणसानं वाजवलेल्या.

"गल्लीत कोण काय बोलतंय ते मला कळलं," इकबालशेठ म्हणाले. "आता ही गोष्ट सांगायची तर पूर्ण सांगा. माझं नाव घालून."

भाऊ हळूच म्हणाले, "मंग पोरीचा काय ठरवलंस? समुद्र तर तू बघितलाच न्हाय."

"खाली दहा मिनिटं तिचा हात बघितला," इकबालशेठ म्हणाले. "पुरे आहे."

घर न बघता मुलगी दिली, असं निजामपुऱ्यात पहिल्यांदाच झालं असेल. इरमनं त्याच दुपारी होकार कळवला.

मित्रांनो, माझी लाज मात्र तिथं संपली नाही. दुकानात ती चेन मी अडकवली होती, हे इकबालशेठना अजून माहीत नाही. त्यांनी स्वतःची चूक भर हॉटेलात सांगितली. मी माझी आज तुम्हाला सांगतोय, तीन वर्षांनी. जाकिटाला माणसाएवढं धैर्य कुठून असणार?

इरम मला अंदमानला घेऊन आली. इकबालशेठनीच मला तिच्या सामानात भरलं आणि म्हणाले, "नव्या लोकांना दाखव, कसं निवडू नये ते." दर सोमवारी नवे लोक येतात. त्यांच्यातल्या एखाद्या लहानखुऱ्या माणसाला इरम मला घालायला लावते, कमरेएवढ्या पाण्यात, स्वतः हात धरून. मग ठासून हवा भरते. मी वर सरकतो, त्याचे कान झाकतो, त्याला पुढं ढकलतो. झडप तो आवाज काढते. सगळे हसतात. मग ती सांगते, मापाचं का घ्यायचं, हात वर करून का बघायचं, वजन कुठं ठेवायचं, किती हवा भरायची, आणि पाठीत फुगणारं जाकीट वाईट नसतं, त्याच्याशी वागायची रीत असते. ते लोक दुसऱ्या दिवशी समुद्रात जातात आणि हसत परत येतात. मी काठावर वाळत असतो. माझी फजिती दर आठवड्याला थोडी उपयोगी पडते, ह्यावर मी समाधान मानतो. पण सवय होत नाही. दर सोमवारी पुन्हा तेवढीच लाज वाटते.

काम झालं की इरम मला गोड्या पाण्यानं धुते, आतूनसुद्धा. पिशवीत पाणी भरून, हलवून, उलटं धरून काढते. बटणं खोलून बघते. मग थोडी हवा आत ठेवून सावलीत टांगते, जिथं धूळ नाही, तंतू नाहीत. एवढं केलं की आम्ही जाकिटं वर्षानुवर्षं इमानानं वागतो. तुमच्याकडची कुठलीही वस्तू असो, सायकल, कंपास, पावसाळी बूट, तिला आधी विचारा, बाई तुझा स्वभाव काय. ती आपणहून सांगणार नाही. आम्ही वस्तू मोठ्या लबाड असतो, कुणीतरी आपल्याला घरी न्यावं म्हणून गप्प बसतो.

इकबालशेठ आता अठ्ठावन्न वर्षांचे आहेत. दर शुक्रवारी ते भाऊंच्या पूलमध्ये पोहायला शिकतात, साध्या चड्डीवर, काहीही न फुगवता. भाऊ काठावर बसून त्यांना चुकीच्या सूचना देतात. ह्या थंडीत ते इथं येणार आहेत, असं काल फोनवर ठरलं. इरम त्यांना प्रवाळ दाखवणार आहे, तिचं रोजचं घर.

ते आले की दुकानातल्या सवयीनं आधी माझ्याकडेच येतील, माझं कापड चिमटीत धरतील. तेव्हा तुमच्यापैकी कुणी इथं असलंत, तर एवढं करा. त्यांचा हात हळूच धरून बाजूला न्या, आणि त्यांना त्यांच्या मापाचं दुसरं जाकीट द्या.